जॉन डाल्टन : पाणी कसें उडून जातें हें मोजणारा शाळामास्तर

आगाशीचीं सुकेळीं ठाणें व पालघर या जिल्ह्यांत बहुतेकांच्या परिचयाचीं आहेत. राजेळी जातीचें पिकलेलें केळें सोलावें, उन्हांत पसरावें, सांज होतांच झांकून ठेवावें, दुसऱ्या दिवशीं पुन्हां उन्हांत काढावें, आणि असें आठवडाभर केल्यावर जें तांबूस, चिवट व मधासारखें गोड फळ उरतें तें केळीच्या वाळलेल्या पानांत बांधून बाजारांत न्यावें, हा उद्योग त्या गांवीं पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तेथून जवळच अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर कोळी लोक बोंबील वाळवितात. वसईच्या बाजूस खाडीकांठीं मिठागरांत खारें पाणी कोंडून त्याचें मीठ करण्याचा धंदाही जुना आहे. बागाइतदार, कोळी व आगरी यांचे हे तीन धंदे दिसण्यांत निरनिराळे खरे. परंतु तिघांची धडपड एकाच गोष्टीसाठीं असते. ओल्या वस्तूंतील पाणी हवेंत घालवावयाचें, आणि तें वेळेवर घालवावयाचें.

वेळेवर हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. ज्या घरीं चारपांचशें केळीं सोलून मांडलेलीं असतात त्या घरीं दोन दिवसांचा उशीर म्हणजे बुरशी, आणि बुरशी म्हणजे सर्व हंगामाच्या मेहनतीवर पाणी. आणि अनुभव असा कीं, दोन दिवस सारखेच तापलेले असले तरी एका दिवशीं केळें चटकन्‌ सुकतें व दुसऱ्या दिवशीं तें चिकट व ओलें तसेंच राहतें. मग घरांत बोलाचाली सुरू होतात. कोणी सुनेच्या हाताला दोष देतो, कोणी नशिबाला, आणि कोणी तर शेजारणीची दृष्ट लागली असें म्हणून तिच्याशीं बोलणें टाकतो. ऊन तेंच, केळें तेंच, हात तेच. मग फरक कशानें पडला?

या प्रश्नाचें उत्तर ज्यानें तराजू, पत्र्याचें भांडें व उष्णतामापक एवढ्याच साधनांनीं शोधून काढिलें, तो मनुष्य कोणी राजदरबारचा पंडित नव्हता. तो एका गरीब विणकराचा मुलगा होता, आणि मुलांस अंकगणित शिकवून त्यानें आपलें पोट भरिलें. त्याचें नांव जॉन डाल्टन. पदार्थ अणूंचे बनलेले आहेत या सिद्धान्ताबद्दल त्याचें नांव शाळेच्या पुस्तकांत आढळतें. परंतु त्या सिद्धान्ताकडे तो ज्या वाटेनें गेला ती वाट ओलें कसें वाळतें या साध्या प्रश्नांतूनच निघाली होती, हें फारसें कोणी सांगत नाहीं.

इंग्लंडच्या वायव्य भागांत कंबरलंड म्हणून डोंगराळ व पावसाळी प्रांत आहे. त्यांतील ईगल्सफील्ड या खेड्यांत इ. स. १७६६ च्या सप्टेंबर महिन्यांत जॉनचा जन्म झाला. बाप जोसेफ हा हातमागावर कापड विणीत असे व थोडीशी जमीनही कसीत असे. आई डेबोरा ही कष्टाळू व करारी बाई होती. हें कुटुंब क्वेकर पंथाचें होतें. या पंथाच्या लोकांत पगारी पाळक नसे. ते साध्या रंगाचे कपडे घालीत, शांत बसून उपासना करीत, व मोठ्यांपुढें टोपी काढण्यासही राजी नसत. आपल्या मुलांस, मग तीं मजुराचीं कां असेनात, लिहितां वाचतां आलें पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता. या कटाक्षाचा जॉनला मोठा लाभ झाला. जवळच्या पार्डशॉ हॉल येथील क्वेकर शाळेंत जॉन फ्लेचर या शिक्षकापाशीं तो शिकला. पुढें त्याच पंथाचा एलिहू रॉबिन्सन नांवाचा एक सुखवस्तु गृहस्थ त्याला संध्याकाळीं गणित शिकवूं लागला. हा गृहस्थ हवामानाचीं निरीक्षणें करीत असे व त्यासाठीं लागणारीं यंत्रें हौसेनें बाळगीत असे. विणकराच्या पोरास त्यानें आपल्या घरीं बसवून घेतलें, हीच त्या पोराच्या भाग्याची पहिली पायरी होय.

बारा वर्षांच्या वयांत जॉननें आपल्याच खेड्यांत शाळा काढिली. प्रथम ती एका जुन्या कोठारांत भरे, नंतर उपासनामंदिरांत भरूं लागली. कांहीं विद्यार्थी त्याच्या बरोबरीचे तर कांहीं त्याच्याहून थोराड होते. त्यांस वळण लावणें या लहान मास्तरास सोपें गेलें नाहीं, आणि मिळकतही जेमतेमच होती. कांहीं काळानें ती शाळा बंद झाली व तो शेतीच्या कामाला लागला. खेड्यांत एकट्यानें शाळा चालविणाऱ्या आपल्या बंधूंस त्याच्या त्या दिवसांची कल्पना सहज येईल.

इ. स. १७८१ मध्यें तो केंडल नांवाच्या गांवीं आपल्या नातलगाच्या क्वेकर शाळेंत साहाय्यक शिक्षक म्हणून गेला. वडील भाऊ जॉनाथन तेथें होताच. चार वर्षांनीं दोघां भावांनीं ती शाळा स्वतः चालविण्यास घेतली. केंडल येथें जॉनला दुसरा गुरु भेटला. जॉन गफ हा गृहस्थ अगदीं लहानपणीं देवी येऊन आंधळा झालेला होता. तथापि लॅटिन, ग्रीक, गणित व वनस्पतिशास्त्र या विषयांत त्याचा अधिकार मोठा होता, आणि झाडपाला तो केवळ स्पर्शानें ओळखी. या अंध विद्वानानें डोळस तरुणास भाषा व गणित तर शिकविलेंच, पण आणखी एक सल्ला दिला. रोजच्या हवेची नोंद ठेव, असें त्यानें त्याला सुचविलें.

हा सल्ला जॉननें किती मनावर घेतला तें पाहा. ता. २४ मार्च १७८७ रोजीं त्यानें नोंदवहीचें पहिलें पान लिहिलें. त्या दिवसापासून उष्णता किती, हवेचा दाब किती, वारा कोणत्या दिशेचा, पाऊस किती, हें तो दररोज टिपूं लागला. कांहीं यंत्रें त्यानें स्वतःच्या हातानें बनविलीं. पुढें घरें बदललीं, गांव बदललें, तो प्रसिद्धीस आला, म्हातारा झाला, आजारी पडला, तरी नोंदवही थांबली नाहीं. सत्तावन्न वर्षांत त्यानें दोन लाखांहून अधिक नोंदी केल्या. त्यांतील एकेक नोंद घेतली तर ती क्षुल्लक वाटेल. परंतु ज्यानें इतके दिवस हवेकडे लक्ष दिलें त्याला हवेनें आपलें गुपित सांगितलें, यांत नवल तें काय?

केंडल येथें असतां वकिली किंवा वैद्यकी शिकावी असें त्याच्या मनांत आलें होतें. नातलगांनीं उत्तेजन दिलें नाहीं. त्या काळीं इंग्लंडच्या राजमान्य मंडळीबाहेरील लोकांस ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील पदव्याही मिळत नसत. म्हणून इ. स. १७९३ मध्यें, राजमान्य मंडळीबाहेरील लोकांनीं मँचेस्टर येथें चालविलेल्या महाविद्यालयांत तो गणित व सृष्टिशास्त्र शिकविण्यास गेला. त्याच वर्षीं हवामानाविषयींचें त्याचें पहिलें पुस्तक प्रसिद्ध झालें. सात वर्षांनीं त्यानें ती नोकरी सोडिली आणि खासगी शिकवण्यांवर तो निर्वाह करूं लागला. मँचेस्टरच्या साहित्य व तत्त्वज्ञान मंडळानें त्याला प्रयोगांसाठीं जागा दिली. तेथें त्याचीं यंत्रें इतकीं साधीं होतीं कीं पाहणारांस आश्चर्य वाटे. जगांत नांव झाल्यावर एक फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मुद्दाम त्याच्या भेटीस आला, तेव्हां हा तत्त्ववेत्ता एका मुलाची हिशेबाची पाटी तपाशीत बसला होता, अशी आठवण सांगतात.

आतां त्याच्या मुख्य कामाकडे वळूं. नद्या सतत समुद्रास मिळतात, तरी समुद्र भरून वाहत नाहीं, हा विचार उपदेशकाच्या पुस्तकाच्या आरंभींच वाचकांनीं पाहिला आहे. डाल्टनच्या मनांत त्याच विषयाचा हिशेबी प्रश्न उभा राहिला. पडणारा पाऊस हा नद्यांचें पाणी व हवेंत उडून जाणारें पाणी या दोहोंस पुरा पडतो काय? पुष्कळांना वाटे कीं पावसानें इतकें होत नाहीं, झऱ्यांना पाणी पृथ्वीच्या पोटांतून येत असावें. त्यानें थॉमस हॉइल या मित्राच्या साहाय्यानें दहा इंच रुंद व तीन फूट खोल असें कल्हई केलेल्या पत्र्याचें भांडें जमिनींत पुरलें, त्यांत वाळू, रेती व माती भरली, आणि वरून वाहणारें व खालीं झिरपणारें पाणी नळ्यांतून बाटल्यांत जमेल अशी योजना केली. इ. स. १७९६ पासून तीन वर्षें पाऊस मोजला व बाटल्यांतील पाणीही मोजलें. जें बाटलींत आलें नाहीं तें हवेंत गेलें हें उघड झालें. तेथें पडणाऱ्या पावसाचा सुमारें तीनचतुर्थांश भाग जमिनीवरून व गवतावरून पुन्हां आकाशांत जातो असें दिसून आलें. पाऊस सर्वांस पुरेसा आहे असा त्याचा निर्णय झाला.

परंतु पाणी उडून जातें तें कशाच्या जोरावर? त्या वेळच्या विद्वानांचें मत असें होतें कीं, पाण्यांत जसें मीठ विरघळतें तसें हवेंत पाणी विरघळतें. डाल्टनला हें पटेना. त्यानें कांचेच्या नळींत पारा भरून ती उलटी केली. पाऱ्यावर जी निर्वात जागा राहते तींत पाण्याचा थेंब सोडला. तेथें हवा मुळींच नव्हती. तरीही पाण्याची वाफ झाली व तिनें पारा खालीं दाबला. जितकी उष्णता अधिक तितका पारा अधिक उतरला. मग हवा असलेल्या जागेंत हाच प्रयोग केला. तेथेंही त्याच उष्णतेला वाफेचा जोर तितकाच भरला. यावरून त्यानें ठरविलें कीं पाण्याची वाफ हवेच्या आश्रयावर राहत नाहीं. ती स्वतंत्र आहे, आणि तिचा जोर केवळ उष्णतेवर अवलंबून आहे. हवा पाणी पिऊन टाकीत नाहीं, उलट वाफेच्या वाटेंत उभी राहून तिला उशीर करिते. हा जोर उष्णतेबरोबर फार झपाट्यानें वाढतो. वीस अंश सेल्सिअसला तो पाऱ्याच्या सुमारें साडेसतरा मिलिमीटरांइतका असतो, आणि तीस अंशांना जवळजवळ बत्तीस मिलिमीटरांइतका होतो.

यानंतर त्यानें पाण्याचीं उघडीं भांडीं तराजूवर तोलून दर मिनिटास किती वजन घटतें तें पाहिलें. ऊन पाणी, कोमट पाणी, थंड पाणी. बंद जागा, हलकी झुळूक, जोराचा वारा. अशा निरनिराळ्या स्थितींत त्यानें मोजमाप केलें. सहा इंच व्यासाच्या भांड्यांत उकळत्या पाण्याइतकी उष्णता असतां मिनिटास किती पाणी जातें याचे त्याच्या कोष्टकांत तीन आंकडे आहेत. हवा स्तब्ध असतां १२० ग्रेन, म्हणजे सुमारें आठ ग्रॅम. मध्यम वाऱ्यांत १५४ ग्रेन, म्हणजे दहा ग्रॅम. आणि जोराच्या वाऱ्यांत १८९ ग्रेन, म्हणजे बारा ग्रॅमांहून किंचित्‌ अधिक. उष्णता तीच, भांडें तेंच. केवळ वाऱ्यानें दीडपटीहून अधिक फरक पडला.

तरीही एक गोष्ट राहिली होती, आणि आगाशीच्या केळ्यांचें कोडें सोडविणारी ती हीच होय. हवेंत अगोदरच कांहीं वाफ असते. ती किती हें कसें ओळखावें? डाल्टन उंच कांचेच्या भांड्यांत थंडगार झऱ्याचें पाणी ओती. भांड्याच्या बाहेरून दंव जमलें कीं पाणी काढून घेई, भांडें पुसून कोरडें करी, व तेंच पाणी किंचित्‌ ऊन झाल्यावर पुन्हां ओती. ज्या उष्णतेला दंव जमणें थांबे ती तो लिहून ठेवी. त्या उष्णतेला वाफेचा जो जोर, तोच त्या वेळीं हवेंतील वाफेचा जोर. मग त्यानें आपला नियम मांडला. पाण्याच्या उष्णतेप्रमाणें वाफेचा जोर जितका असेल त्यांतून हवेंतील वाफेचा जोर वजा करावा. बाकी जितकी उरेल तितक्या वेगानें पाणी उडतें. हे निबंध त्यानें इ. स. १८०१ च्या ऑक्टोबर महिन्यांत मंडळापुढें वाचले व पुढल्या वर्षीं ते छापून निघाले. पाणी उडून जाण्याच्या या क्रियेस शास्त्रांत बाष्पीभवन म्हणतात, आणि तिच्या वेगाच्या गणिताचा पाया अद्यापि हाच आहे.

हा वजाबाकीचा नियम आपण आगाशीच्या अंगणांत नेऊन पाहूं. समजा, दोन दिवस सारखेच आहेत, दोन्ही दिवशीं सावलींत बत्तीस अंश उष्णता आहे. त्या उष्णतेला पाण्याच्या वाफेचा जोर सुमारें छत्तीस भरतो. पहिल्या दिवशीं जमिनीकडून कोरडा मतलई वारा येत आहे व हवेंतील वाफेचा जोर पंधरा आहे, बाकी एकवीस. दुसऱ्या दिवशीं हवा दमट आहे, अंगाला घाम चिकटून राहतो, व हवेंतील वाफेचा जोर एकोणतीस आहे, बाकी सात. सावलींत ठेवलेली तीच ओली वस्तु दुसऱ्या दिवशीं तिपटीनें सावकाश वाळेल. उष्णतामापकांत कांहीं फरक दिसणार नाहीं. दृष्ट शेजारणीची लागलेली नाहीं. तो सारा हवेंतील ओलाव्याचा परिणाम आहे.

मग उन्हाचा उपयोग नाहीं काय? आहे, आणि मोठा आहे. ऊन केळ्यालाच तापवितें. केळ्यांतील पाण्याचा जोर त्यामुळें हवेच्या मानानें वाढतो आणि बाकी मोठी होते. म्हणूनच दमट दिवशींही कडक ऊन पडलें तर कांहीं काम होतें. परंतु दमट हवेंत आभाळ आलें कीं दोन्हीकडून नुकसान होतें. रात्रीं केळीं झांकावीं लागतात याचेंही कारण हेंच. रात्रीं गारठ्यानें त्यांचा जोर उतरतो, आणि हवेंतील वाफ उलट त्यांच्यावरच दंव होऊन बसते. दिवसां मिळविलेलें रात्रीं गमवावें लागतें.

वाऱ्याचें कार्य हमालासारखें आहे. ओल्या वस्तूच्या अंगालगत जी दमट हवा सांचते ती तो उचलून नेतो व तेथें कोरडी हवा आणून ठेवितो. परंतु जो हमाल डोक्यावर ओझें घेऊनच आला तो आपलें ओझें काय उचलणार? श्रावणांत वारा सोसाट्याचा असतो तरी धोतर दोन दिवस वाळत नाहीं, त्याचें कारण हेंच. हवा वाफेनें भरलेली असली म्हणजे वजाबाकीची बाकी जवळजवळ शून्य येते, आणि शून्यास वाऱ्यानें कितीही गुणलें तरी शून्यच.

चौथी गोष्ट पृष्ठाची. पाणी उडतें तें वरच्या अंगावरून. एक तांब्याभर पाणी तांब्यांत आठवडा टिकेल, परातींत ओतलें तर लवकर संपेल. म्हणूनच मिठागराच्या कोंडी रुंद व उथळ असतात. म्हणूनच कोळी लोक दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते दोरीवर लोंबत ठेवितात, म्हणजे चारी बाजूंनीं वारा लागतो. म्हणूनच केळें सोलावें लागतें, कारण त्याची साल ही पाण्याच्या वाटेवरची भिंत आहे. मात्र येथें एक सावधगिरी हवी. वरचा थर सुकल्यावर आंतलें पाणी बाहेर येण्यास वेळ लागतो, आणि तेथें ऊन किंवा वारा यांची घाई चालत नाहीं. सुकेळ्यांस आठवडा लागतो तो या कारणानें. ज्यानें लोभानें तीं वरून कोरडीं दिसतांच बांधलीं त्याचीं तीं आंतून नासतात.

पांचवी गोष्ट द्रवाच्या जातीची. डाल्टननें ईथर, मद्यार्क इत्यादि द्रवांचाही जोर मोजला. ज्याचा जोर अधिक तो लवकर उडतो. दवाखान्यांत सुई टोंचण्यापूर्वीं हातावर लाविलेला मद्यार्क क्षणांत उडून जातो व हात गार पडतो. उलट खोबरेल तेल कापडावर सांडलें तर तें महिनाभर तसेंच राहतें. मिठाच्या पाण्याचा जोर गोड्या पाण्याहून कमी असतो. शंभर घागरी समुद्राच्या पाण्यांतून सुमारें नव्वद घागरी पाणी गेल्यावर मग कोठें मीठ धरूं लागतें, आणि पाणी जसजसें घट्ट होतें तसतसें राहिलेलें उडण्यास अधिक वेळ लागतो. मिठागरांतील शेवटचे दिवस कंटाळवाणे वाटतात, तो मजुरांचा आळस नव्हे.

वाफ हवेंत मिसळूनही स्वतंत्र राहते हें ठरल्यावर डाल्टन आणखी पुढें गेला. निरनिराळे वायु एकत्र असतां प्रत्येक आपापला दाब देतो हा नियम त्यानें स्थापिला. मग वायूंचे कण कसे असावेत, कोणत्याचें वजन किती असावें, या विचारानें इ. स. १८०३ मध्यें त्यानें अणूंच्या वजनांचें पहिलें कोष्टक आपल्या वहींत मांडलें, आणि इ. स. १८०८ मध्यें रसायनशास्त्राची नवी पद्धति सांगणारा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध होऊं लागला. रसायनशास्त्राची पुढील सर्व इमारत या पायावर उभी आहे.

त्याच्या हातून चुकाही झाल्या, आणि त्या झांकून ठेवणें हें खऱ्या चरित्रास शोभणार नाहीं. पाण्याच्या कणांत हायड्रोजनचा एकच अणु असतो असें तो समजला. ते दोन आहेत. उकळण्याच्या बिंदूपासून सारख्या अंतरावर सर्व द्रवांचा जोर सारखाच असतो हाही त्याचा समज पुढें खोटा ठरला. वायूंचे कण स्थिर राहून एकमेकांस दूर सारतात असें त्याचें मत होतें. ते अखंड धांवत असतात, आणि पाण्याच्या पृष्ठावरील जे कण अधिक वेगाचे असतात तेच निसटून वाफ होतात, हें नंतरच्या लोकांनीं दाखविलें. वेगवान कण गेले म्हणजे मागें राहिलेलें पाणी गार होतें. मडक्यांतील पाणी थंड होतें तें याच रीतीनें.

डाल्टनच्या डोळ्यांत जन्मतः एक दोष होता. त्याला तांबडा व हिरवा यांतील भेद नीट दिसत नसे. इ. स. १७९४ मध्यें त्यानें या दोषाचें वर्णन मँचेस्टरच्या मंडळापुढें वाचलें. स्वतःचें व्यंग झांकण्याऐवजीं त्यानें तेंच अभ्यासास घेतलें. डोळ्यांतील द्रव निळसर असावा असा त्याचा तर्क होता, म्हणून मरणानंतर आपले डोळे तपासावे असें त्यानें सांगून ठेविलें. डॉक्टरांनीं तपासले, द्रव निळा नव्हता. तो तर्कही चुकला. परंतु जपून ठेवलेल्या त्या डोळ्याची इ. स. १९९५ मध्यें पुन्हां परीक्षा झाली, व हिरव्या रंगाची जाणीव देणारा भाग त्यांत जन्मतःच नव्हता असें निष्पन्न झालें. मरणानंतर दीडशें वर्षांनींही त्या शिक्षकानें एक धडा दिला.

मान त्याच्याकडे हळूहळू चालत आला. लंडनच्या रॉयल सोसायटीनें इ. स. १८२२ मध्यें त्याला सभासद केलें, इ. स. १८२६ मध्यें राजपदक दिलें. फ्रान्सच्या विद्यापरिषदेनेंही त्याचा गौरव केला. ज्या ऑक्सफर्डचें दार त्याच्या पंथास बंद होतें त्याच ऑक्सफर्डनें इ. स. १८३२ मध्यें त्याला डॉक्टर ही पदवी दिली. पदवीचा झगा लाल भडक होता, व क्वेकर लोक असा रंग वर्ज्य मानीत. परंतु त्याच्या डोळ्यांस तो मातकटच दिसे, म्हणून त्यानें तो निःसंकोचपणें घातला. पुढल्या वर्षीं सरकारनें त्याला वर्षासन बांधून दिलें. त्यानें लग्न केलें नाहीं. मँचेस्टरमधील एका पाळकाच्या कुटुंबांत तो सव्वीस वर्षें भाडेकरू म्हणून राहिला, साधें खाऊन, ठरलेल्या वेळीं उठून, ठरलेल्या वेळीं झोपून.

इ. स. १८३७ मध्यें त्याला अर्धांगाचा झटका आला, व पुढल्या वर्षीं दुसरा येऊन त्याची वाणी अडखळूं लागली. तरी नोंदवही चालूच होती. ता. २६ जुलै १८४४ च्या संध्याकाळीं कांपऱ्या हातानें त्यानें हवेचा दाब, उष्णता, व त्या दिवशीं थोडा पाऊस झाल्याचें टिपलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो निवर्तला. त्याचा देह मँचेस्टरच्या नगरभवनांत ठेविला असतां चाळीस हजारांहून अधिक लोक अंत्यदर्शनास आले. विणकराच्या पोरासाठीं एवढें मोठें शहर लोटलें.

वाचकहो, डाल्टनपाशीं धन नव्हतें, पदवी नव्हती, डोळेही पुरते नव्हते. त्याच्यापाशीं एक वही होती, व आज लिहिलें तसें उद्यांही लिहीन हा निश्चय होता. तेवढ्यानें त्यानें हवेंतील अदृश्य ओलावा मोजून दाखविला. आगाशीच्या बाईस तराजू व पारा लागत नाहीं. तिच्या घरांत एक यंत्र आहेच, तें म्हणजे पाण्याचें मडकें. ज्या दिवशीं मडक्यांतलें पाणी चांगलें गार होतें त्या दिवशीं हवा कोरडी आहे, केळीं काढावीं, मासळी पसरावी. ज्या दिवशीं मडकें बाहेरून ओलें राहतें पण आंतलें पाणी गार होत नाहीं, त्या दिवशीं हवेचा हात भरलेला आहे असें समजावें. नवीं केळीं सोलूं नयेत, सोललेलीं विरळ मांडावीं, उंच व वारा लागेल अशा जागीं ठेवावीं. आणि ज्या शाळेंत उष्णतामापक असेल तेथें मास्तरांनीं मुलांकडून रोजची एक ओळ लिहून घ्यावी. दोन हंगामांची वही जमली म्हणजे कोणता आठवडा सुकेळ्यांचा व कोणता नव्हे हें गांवाला आपलें आपणच कळेल, आणि शेजारणीशीं अबोला धरण्याचें एक कारण तरी कमी होईल.